कुसळ, मुसळ आणि सेलमचा न्यायाधीश

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही." शाळेत ही म्हण 'वाक्यात उपयोग करा'मध्ये हमखास यायची. मी काय वाक्य केलं होतं ते आता आठवत नाही, बहुतेक शेजारच्या काकूंवर असणार! मराठी बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, हेच कुसळ आणि हेच मुसळ आहे हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं. येशूचा डोंगरावरचा उपदेश म्हणतात त्यातला हा भाग. सांगणं साधं आहे: लोकांना तोलत बसू नका, ज्या मापाने तुम्ही मोजाल तेच माप तुम्हालाही लागणार आहे.

गंमत अशी की मराठी भाषांतरात इथे 'दोष काढणे' असा घरगुती शब्द आहे. इंग्रजीत मात्र कोर्टातला न्यायाधीश जे करतो तेच क्रियापद इथे वापरलंय. मग प्रश्न पडतो, की एखादा माणूस मनापासून ख्रिस्ती असेल, रोज बायबल वाचत असेल, आणि पेशाने न्यायाधीशच असेल, तर त्याने करायचं काय?

असा एक माणूस होऊन गेला. त्याची गोष्ट मला ऑनसाइटमुळे सापडली.

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला चार महिने बॉस्टनला धाडलं होतं. शनिवारी करायला काही नाही, बाहेर थंडी, रूममेट दिवसभर झोपलेला. म्हणून एकदा नॉर्थ स्टेशनवरून लोकल पकडून सेलमला गेलो. अर्ध्या तासाचा प्रवास. ऑक्टोबर होता, त्यामुळे अख्खं गाव चेटकिणीच्या टोकदार टोप्या घालून फिरत होतं. पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं चित्र! आइस्क्रीम, टॅरो, भुताटकीची दुकानं... आणि या जत्रेला लागूनच एक शांत चौकोन. दगडी भिंत आणि त्या भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी बाक. प्रत्येकावर एक नाव, मृत्यूची तारीख आणि मृत्यू कसा झाला ते. एकोणीस ठिकाणी 'फाशी'. एका ठिकाणी 'दगडांखाली चिरडून'. हे स्मारक १९९२ मध्ये, घटनेला तीनशे वर्षं झाली तेव्हा उभं राहिलं.

सेलमची गोष्ट बहुतेकांना ढोबळमानाने माहीत असते, म्हणून भराभर सांगतो. साल १६९२. मॅसॅच्युसेट्स ही इंग्लंडची वसाहत, लोक प्युरिटन पंथाचे, म्हणजे अतिशय कडक शिस्तीचे प्रॉटेस्टंट. सेलम व्हिलेज (आजचं डॅन्व्हर्स) या खेड्यात सॅम्युएल पॅरिस नावाचा पाळक होता. त्याची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना झटके यायला लागले. डॉक्टरांना काही समजेना, करणीचा संशय आला. मग अजून काही मुलींना तसंच व्हायला लागलं, त्यात बारा वर्षांची ॲन पटनमही होती. "कोण छळतंय तुम्हाला?" असं मोठ्यांनी विचारल्यावर मुली नावं घ्यायला लागल्या. वर्ष संपेपर्यंत दीडशेहून जास्त लोकांवर आरोप झाले.

पुरावा काय? तर आरोपीचं 'रूप' येऊन आम्हाला चिमटे काढतं, गळा दाबतं, असं मुली सांगत. ते रूप फक्त मुलींनाच दिसे. म्हणजे आरोपी घरी झोपला होता हे दहा जणांनी शपथेवर सांगितलं तरी उपयोग शून्य, कारण शरीर घरी होतं, रूप बाहेर! टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा: जी टेस्ट कधीच फेल होऊ शकत नाही ती टेस्टच नव्हे.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून भयंकर वाटते. ज्यांनी "हो, मी चेटूक केलं" अशी कबुली दिली आणि ती शेवटपर्यंत कायम ठेवली त्यांच्यापैकी कुणालाही फाशी झाली नाही. फाशी गेले ते "मी काही केलेलं नाही" म्हणणारे. खोटं बोलणं पाप आहे, देवासमोर मी खोटं बोलणार नाही, असं ज्यांना खरोखर वाटत होतं, बरोबर तेच लोक वेचून मारले गेले.

त्यातली एक रिबेका नर्स. वय ७१, कानाने कमी ऐकू यायचं, गावात देवभोळी म्हणून मान. तिचं नाव घेतलं जातंय हे सांगायला काही ओळखीचे लोक तिच्या घरी गेले, तेव्हा ती आजारी होती. त्यांनी विषय काढायच्या आधी तिनेच त्या झटके येणाऱ्या मुलींची चौकशी केली, बिचाऱ्यांसाठी जीव तुटतो म्हणाली. मग तिला सांगितलं की नाव तुमचंही आलंय. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, या बाबतीत मी निर्दोष आहे, पण माझं असं कुठलं पाप देवाला दिसलं असेल की त्याने म्हातारपणी हे माझ्यावर आणावं? आरोप करणाऱ्यांबद्दल कडू शब्द नाही. या सगळ्या प्रकरणात मत्तयाचा सातवा अध्याय कुणी जगून दाखवला असेल तर या बाईने, असं माझं मत आहे.

तिच्या बाजूने चाळीसेक शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या. त्यात पटनम घराण्यातले लोकसुद्धा होते. ज्यूरीने तिला आधी 'निर्दोष' ठरवलं. कोर्टात एकच आरडाओरडा झाला, मुलींना झटके आले, आणि मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटनने ज्यूरीला परत विचार करायला सांगितलं. एका आरोपी बाईला कोर्टात आणलं तेव्हा रिबेका "ही तर आमच्यातलीच" अशा अर्थाचं काहीतरी बोलली होती. तिला म्हणायचं होतं 'आमच्यासारखीच कैदी', ज्यूरीला शंका आली 'आमच्यासारखीच चेटकीण'. खुलासा विचारला तर ती गप्प, कारण तिला प्रश्न ऐकूच गेला नव्हता. निकाल फिरला. ३ जुलैला सेलमच्या मंडळीने तिला बहिष्कृत केलं आणि १९ जुलैला फाशी झाली.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर हे सगळे वेडे किंवा दुष्ट होते असं वाटेल. (असं वाटणं म्हणजे पुन्हा आपण तेच करणं, नाही का?) प्युरिटन मंडळीत माणसाला पारखणं हे रोजचंच काम होतं. पूर्ण सभासद व्हायचं तर आपल्यावर देवाची कृपा कशी झाली ते सांगावं लागे आणि ऐकणाऱ्यांनी ते खरं वाटतंय का हे ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी ही अट तोपर्यंत सैल झाली होती, पण पॅरिसने आपल्या गावात ती कडक ठेवली होती. मात्र या पारखण्यावर एक लगामही होता: दुसऱ्याचं मन फक्त देवाला दिसतं, तेव्हा माणसाने आपला अंदाज प्रेमाच्या बाजूने करावा. संशयाचा फायदा शेजाऱ्याला द्यायचा. १६९२ मध्ये हा लगाम सुटला, किंबहुना पाळकानेच तो सोडला. त्या वसंतात पॅरिसने प्रवचनाला वचन निवडलं ते बारा शिष्यांमधलाच एक सैतान असल्याचं. रिबेका तेव्हा तुरुंगात होती. तिची बहीण सेरा क्लॉइस उठून बाहेर पडली आणि मागे दार धाडकन आपटलं. काही दिवसांत तीही तुरुंगात.

बॉस्टन परिसरातल्या पाळकांनी जूनमध्ये कोर्टाला लेखी सल्ला दिला. त्यात एकामागून एक इशारे: रूपाच्या पुराव्यावर भरवसा ठेवू नका, सैतान निर्दोष माणसाचंही रूप घेऊ शकतो, चांगलं नाव असलेल्यांशी जपून वागा. आणि शेवटच्या कलमात काय, तर खटले लवकर आणि जोरात चालवावेत! कोड रिव्ह्यूमध्ये सात कॉमेंट टाकून खाली 'अप्रूव्ह्ड' करणारे सीनियर तुम्हीही पाहिले असतील. कोर्टाने अर्थातच फक्त शेवटचं कलम वाचलं.

आता आपल्या न्यायाधीशाकडे वळतो. सॅम्युएल स्यूअल. जन्म १६५२, हार्वर्डचा पदवीधर, श्रीमंत घरचा जावई. या खास कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांपैकी एक. नथॅनिएल सॉल्टनस्टॉल नावाच्या एकाला पहिल्याच फाशीनंतर हे पटेना, तो कोर्ट सोडून गेला. स्यूअल राहिला. हा माणूस पन्नासहून जास्त वर्षं डायरी लिहीत होता. हवा, जेवण, अंत्ययात्रा, कुणाशी भांडण झालं, सगळं. पण १६९२ च्या उन्हाळ्यातल्या खटल्यांवर त्यात जेमतेम काही ओळी आहेत. १९ ऑगस्टला पाच जणांना फाशी झाली. त्यातला जॉर्ज बरोज हा तर स्वतः कधीकाळी त्याच गावचा पाळक. त्याने फासाखाली उभं राहून प्रभूची प्रार्थना एकही चूक न करता म्हटली, आणि चेटूक करणाऱ्याला ती म्हणता येत नाही अशी तेव्हा समजूत होती. गर्दीत चुळबुळ झाली. कॉटन मॅदर या पाळकाने लोकांना शांत केलं आणि फाशी पार पडली. स्यूअलने हे नोंदवलं आणि समासात हळहळीचे दोनच शब्द लिहिले. रोज सगळं लिहिणारा माणूस अचानक गप्प होतो तेव्हा काहीतरी टोचत असतं, असं मला आपलं वाटतं.

सप्टेंबरमध्ये रिबेकाची दुसरी बहीण, मेरी ईस्टी, हिला फाशी झाली. तिने आधी कोर्टाला अर्ज केला होता. माझा जीव वाचवा असं तिने मागितलं नाही, ते होणार नाही हे तिला कळलं होतं. पुढे आणखी निर्दोष लोक मरू नयेत म्हणून तिने एक उपाय सुचवला: या मुलींना वेगवेगळं ठेवा आणि वेगवेगळं विचारा. १६९२ मध्ये, फाशीच्या दारात उभ्या असलेल्या एका शेतकरी बाईने अख्ख्या कोर्टाला प्रयोग कसा करायचा हे शिकवलं! कुणी तो केला नाही.

ऑक्टोबरअखेर कोर्ट बरखास्त झालं. थांबण्याची कारणं बरीच, पण एक फार मानवी आहे: आरोप वरपर्यंत पोचायला लागले. गव्हर्नर फिप्सच्या बायकोचंही नाव निघाल्याचं म्हणतात. शेजारच्या बेव्हर्ली गावचा पाळक जॉन हेल सुरुवातीला खटल्यांच्या बाजूचा होता. नोव्हेंबरमध्ये त्याच्याच बायकोचं नाव आलं आणि साहेबांना एकदम दिसायला लागलं. पुढे त्याने आपण कसे चुकलो यावर पुस्तक लिहिलं, ते १७०२ मध्ये छापलं गेलं. उशीर झाला, पण लिहिलं तरी.

मग चार वर्षं कुणी काही बोललं नाही. पिकं बुडाली, जहाजं बुडाली, सरहद्दीवर लढाया. स्यूअलच्या घरात तर मृत्यू मुक्कामालाच होता. मे १६९६ मध्ये मूल मृत जन्मलं. २३ डिसेंबरला दोन वर्षांची सेरा गेली. दुसऱ्या दिवशी, घरात तिचं प्रेत असताना, अठरा वर्षांचा मुलगा सॅम वडिलांना लॅटिनमधून मत्तयाचा बारावा अध्याय म्हणून दाखवत होता. त्यात सातवं वचन येतं. मला यज्ञ नको, दया हवी, याचा अर्थ तुम्हाला कळला असता तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरवलं नसतं, अशा आशयाचं. स्यूअलने त्या दिवशीच्या डायरीत लिहिलंय की हे ऐकताना सेलमची आठवण भयंकर रीतीने समोर आली.

१४ जानेवारी १६९७ ला सगळ्या प्रांताने सेलमच्या चुकांसाठी उपास करायचा असं सरकारने जाहीर केलं होतं. (तेव्हा प्रांताचा कारभार कुणाच्या हातात होता? स्टॉटनच्याच!) बॉस्टनच्या त्याच्या नेहमीच्या मंडळीत स्यूअलने पाळक सॅम्युएल विलर्डच्या हातात एक चिठ्ठी दिली. विलर्ड ती वाचत असताना तो आपल्या जागी उभा राहिला. चिठ्ठीत लिहिलं होतं की सेलमच्या कोर्टात जे घडलं त्याचा दोष आणि लाज मी माझ्यावर घेतो, मी माणसांची क्षमा मागतो, आणि देवाने माझं पाप क्षमा करावं, त्याची शिक्षा माझ्यावर, माझ्या घरच्यांवर किंवा या भूमीवर आणू नये अशी प्रार्थना करा. वाचून संपल्यावर त्याने मान लववली आणि बसला.

त्या चिठ्ठीत स्टॉटनचं नाव नाही. मुलींना दोष नाही, ज्यूरीला नाही, सल्ला देणाऱ्या पाळकांना नाही. 'आमच्याकडून चुका झाल्या' असं बहुवचनही नाही. आणि वाचणारा विलर्ड तो, ज्याने खटले चालू असतानाच विरोधी सूर लावला होता आणि एका मुलीने ज्याचंही नाव घेतल्याचं त्या काळच्या एका लेखकाने नोंदवलंय (तिला कोर्टाने "तुझी चूक झाली" म्हणून बाहेर काढलं, बघा, असंही करता येत होतं!). त्याच सुमारास बारा ज्यूरर्सनी सही करून जाहीर क्षमा मागितली. नऊ न्यायाधीशांपैकी असं उभं राहणारा मात्र स्यूअल एकटाच. स्टॉटनने मरेपर्यंत चूक मान्य केली नाही.

हे वाचताना आधी माझ्या मनात आलं, की यात काय मोठंसं, मुलं मेली म्हणून घाबरला. देव आपल्याला शिक्षा करतोय या भीतीतून आलेला पश्चात्ताप तो काय पश्चात्ताप. मग मला ऑफिसमधली एक मेल आठवली.

जुन्या कंपनीतली गोष्ट. एका रात्री रिलीज झोपलं. सकाळी मी चाळीस जणांना मेल टाकली, की अमुक मॉड्यूलमध्ये टेस्टिंग नीट झालेलं नाही. नाव लिहिलं नव्हतं, पण मॉड्यूल कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. तीन दिवसांनी सापडलं की माझ्याच एका स्क्रिप्टने सर्व्हरचा टाइमझोन बदलला होता. मी त्या मुलाला सॉरी म्हटलं. पँट्रीत, कॉफी मशीनपाशी, दोघंच असताना. चाळीस जणांना दुसरी मेल गेली ती "इश्यू रिझॉल्व्ह्ड" एवढीच. तो मुलगा "अरे चालतं" म्हणाला. तेव्हा स्यूअलच्या पश्चात्तापाची प्रत तपासायला मी योग्य माणूस नाही. तो उभा राहिला होता, भर सभेत, अख्ख्या गावासमोर.

त्याने पुढे मरेपर्यंत, म्हणजे १७३० पर्यंत, दरवर्षी एक दिवस उपास पाळला असं सांगतात. १७०० मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध एक पुस्तिका छापली, न्यू इंग्लंडमध्ये छापलेली त्या विषयावरची ही पहिली. त्यातही त्या काळाचे पूर्वग्रह आहेतच, संत वगैरे नव्हता तो. बोस्टनच्या विधिमंडळाच्या सभागृहात त्याच्या त्या उभं राहण्याचं मोठं भित्तिचित्र आहे. कायदे करणाऱ्यांच्या डोक्यावर एका चुकलेल्या न्यायाधीशाचं चित्र, ही कल्पना मला फार आवडली.

सरकारी बाजू रखडतच सरकली. १७११ मध्ये बावीस जणांवरचे निकाल रद्द झाले आणि कुटुंबांना भरपाई मिळाली. काही नावं राहून गेली, ती पुढे १९५७ आणि २००१ च्या ठरावांत आली. शेवटचं नाव एलिझाबेथ जॉन्सन धाकटी, हिला फाशीची शिक्षा होऊनही ती वाचली होती. तिचं नाव २०२२ मध्ये मोकळं झालं, तेही आठवीच्या एका वर्गाने पाठपुरावा केला म्हणून.

पण मला जास्त ओढ वाटते ती खेड्यात काय झालं याची. स्यूअलला क्षमा मागून बॉस्टनला आपल्या घरी जाता आलं. सेलम व्हिलेजमध्ये मात्र नर्स आणि पटनम यांना दर रविवारी एकाच छताखाली बसायचं होतं. नर्स कुटुंबाने पॅरिसच्या हातून प्रभुभोजन घ्यायलाच नकार दिला होता. शेवटी पॅरिस गेला आणि त्याच्या जागी जोसेफ ग्रीन नावाचा जेमतेम बाविशीतला पाळक आला. आपल्या भाषेत फ्रेशर :) आणि दिलेला प्रोजेक्ट हा!

ग्रीनने मोठमोठी प्रवचनं देऊन काही केलं असं दिसत नाही. त्याने बसायच्या जागा बदलल्या. प्रार्थनामंदिरात कोण कुठे बसणार हे तेव्हा मानपानाप्रमाणे ठरलेलं असे. त्याने नर्स आणि पटनम घरातले लोक एका बाकावर आणले. दर आठवड्याला, तासन् तास, खांद्याला खांदा. १६९९ मध्ये नर्स कुटुंब मंडळीत परतलं. १७०३ मध्ये त्याने मार्था कोरीचा बहिष्कार मागे घ्यायला लावला. ही दगडांखाली मेलेल्या जाइल्स कोरीची बायको, तीही फासावर गेलेली.

आणि १७०६ मध्ये त्याच्याकडे ॲन पटनम आली. १६९२ ची ती बारा वर्षांची मुलगी आता सव्वीस वर्षांची होती. आईवडील १६९९ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले होते, पाठची भावंडं तिनेच वाढवली, लग्न केलं नव्हतं. तिला मंडळीची पूर्ण सभासद व्हायचं होतं. आरोप करणाऱ्या त्या मुलींपैकी अशी जाहीर कबुली देणारी ही एकटीच.

२५ ऑगस्टला ग्रीनने तिचा कबुलीजबाब वाचला आणि ती, स्यूअलसारखीच, सगळ्यांसमोर उभी राहिली. सैतानाने मला फसवलं, रागाने किंवा वैराने मी काही केलं नाही, पण निर्दोष माणसांच्या रक्ताचा दोष माझ्यावर आहे. विशेषतः रिबेका नर्स आणि तिच्या दोन बहिणी यांच्या बाबतीत मला धुळीत लोळावंसं वाटतं. त्यांच्या नातेवाइकांची मी क्षमा मागते.

सैतानाचं नाव पुढे करणं ही पळवाट आहे, असं आज कुणीही म्हणेल. रिबेकाच्या मुलाबाळांना तर ते म्हणायचा पूर्ण हक्क होता. मंडळीने ती कबुली स्वीकारली आणि तिला प्रभुभोजनात घेतलं. मंडळीच्या वहीत तो मजकूर आहे, खाली ॲनची सही आहे.

२ मार्च १७१२ रोजी सेलमच्या मंडळीने रिबेका नर्सचा बहिष्कार रद्द केला. अर्ज तिच्या मुलाने, सॅम्युएल नर्सने केला होता. ॲन तेव्हा जिवंत होती, ती १७१६ मध्ये वारली.